होकार देण्याआधी अट घाला : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला खुले पत्र

माननीय सदस्यहो,

अफगाण स्त्रियांविषयी तीव्र चिंता व्यक्त करणारे आणखी एक निवेदन तुमच्याकडून आता नको आहे. २७ एप्रिल २०२३ रोजी तुम्ही ठराव क्रमांक २६८१ एकमताने संमत केला. अफगाण स्त्रियांना संयुक्त राष्ट्रांत काम करण्यास घातलेल्या बंदीचा निषेध केला आणि स्त्रियांवरचे निर्बंध तातडीने उठवा, असे तालिबानला बजावले. पुढे काय झाले, ते तुम्हाला ठाऊक आहे. जुलै २०२३ मध्ये ब्यूटी पार्लरना टाळे लागले. ऑगस्ट २०२४ च्या ३५ कलमी कायद्याने बाईचा आवाजही झाकून ठेवायची गोष्ट ठरवला. डिसेंबर २०२४ मध्ये नर्सिंग आणि सुईणीचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही मुलींना बंद झाल्या. सहावीनंतर शाळा नाही, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठ नाही. या संस्था हीच शिकायची जवळपास एकमेव वाट उरली होती. बाळंतपणात स्त्रिया दगावण्याचे प्रमाण जिथे जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे, जिथे पुरुष डॉक्टरने बाईला तपासणे अनेक ठिकाणी चालत नाही, तिथे नव्या सुईणी तयार होऊ द्यायच्या नाहीत, याचा अर्थ समजायला कुठला अहवाल लागत नाही. तुमच्या ठरावाला तालिबान घाबरला नाही, कारण ठराव धुडकावल्यास काय होईल, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

तुमच्या हाती काहीच नसते, तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नव्हता. पण प्रवासबंदी तुमच्या हाती आहे. २०११ च्या ठराव क्रमांक १९८८ नुसार तालिबानशी संबंधित व्यक्तींवर बंदी लागू आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अशी १३५ नावे यादीत होती. त्यांतल्या कुणाला देशाबाहेर पाऊल टाकायचे तर तुमच्या निर्बंध समितीची सवलत लागते. या समितीत परिषदेचे सर्व १५ सदस्य बसतात आणि निर्णय एकमताने होतो. चीन आणि रशिया ऐकत नाहीत, ही तुमची नेहमीची सबब इथे लागू पडत नाही. नवे निर्बंध लादणे एखाद्या स्थायी सदस्याला नकाराधिकाराने रोखता येते हे खरे. पण सवलत रोखायला एका सदस्याचा ठाम आक्षेप पुरतो. एरवी नकाराधिकार पाच बड्यांकडे असतो. या समितीत तो व्यवहारात सगळ्यांकडे आहे, आणि तो स्त्रियांच्या बाजूने वापरता येतो.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. तुम्हीच ते एकदा करून दाखवले आहे. २३ मार्च २०२२ रोजी माध्यमिक शाळा उघडणार, असे जाहीर झाले होते. मुली गणवेश घालून वर्गात येऊन बसल्या आणि काही तासांत त्यांना घरी धाडण्यात आले. त्यानंतर जूनमध्ये तुमच्या समितीने शिक्षण खात्याशी संबंधित दोन तालिबानी अधिकाऱ्यांची प्रवास सवलत काढून घेतली, आणि कारण मुलींचे शिक्षण हेच होते. उरलेल्या १३ जणांची सवलत ऑगस्ट २०२२ मध्ये एकमत न झाल्याने संपली. तिथून पुढे प्रत्येक दौऱ्यासाठी वेगळी परवानगी मागणे तालिबानला भाग पडले. म्हणजे प्रत्येक अर्ज ही सौदा करण्याची संधी होती. त्या संधींचे तुम्ही काय केले? ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी यांना दिल्लीसाठी सवलत मिळाली. तिच्या बदल्यात एकही शाळा, एकही नर्सिंग संस्था उघडली नाही.

अटी घातल्या तर तालिबान बोलणीच तोडेल, असे तुमचे मुत्सद्दी सांगतात. मग दोह्यात झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अफगाणिस्तानविषयक बैठकांकडे पाहा. फेब्रुवारी २०२४ च्या बैठकीला तालिबान आला नाही, कारण अफगाणिस्तानचे एकमेव प्रतिनिधी आपणच, ही त्याची मागणी मान्य झाली नव्हती. ३० जून आणि १ जुलै २०२४ च्या बैठकीला तो आला, कारण त्या टेबलाभोवती अफगाण स्त्रिया नव्हत्या. त्यांना नंतर वेगळे भेटण्यात आले. तालिबानने अट घातली आणि संयुक्त राष्ट्रांनी ती मानली. अटींवर चर्चा होते, हे तर इथे सिद्धच झाले. फक्त अटी एकाच बाजूने घातल्या गेल्या. ही खोड जुनी आहे. २९ फेब्रुवारी २०२० च्या अमेरिका-तालिबान करारात स्त्रियांच्या हक्कांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

दबावापुढे तालिबान नमत नाही, हेही पुरते खरे नाही. १० ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत मुत्ताकी यांच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना बोलावले नव्हते. देशभर टीकेची झोड उठली आणि १२ तारखेला त्यांना पुन्हा पत्रकार परिषद घ्यावी लागली. तिथे महिला पत्रकार समोर बसून प्रश्न विचारत होत्या. हा बदल फार मोठा नव्हता, आणि आमच्या भारत सरकारने यात काही भूमिका घेतली असेही नाही. जुलै २०२५ मध्ये आमसभेत अफगाणिस्तानवरील ठराव ११६ मतांनी संमत झाला, तेव्हा तटस्थ राहिलेल्या १२ देशांत भारत होता, याची मला एक भारतीय म्हणून लाज वाटते. पण दौरा यशस्वी दिसावा ही गरज तालिबानला किती आहे, ते त्या दोन दिवसांत कळले.

गंभीर आक्षेप एकच आहे : तालिबानला कोंडीत पकडले तर भुकेल्या बायका-मुलांचे हाल वाढतील. सरसकट निर्बंधांबद्दल तो खरा आहे, आणि म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये ठराव क्रमांक २६१५ ने मानवतावादी मदत निर्बंधांतून वगळली गेली. ते योग्यच झाले. मात्र मंत्र्याचा परदेश दौरा अडवल्याने गव्हाचे एक पोतेही अडत नाही. मदत खरोखर कोण अडवते, तेही तुम्ही पाहिले आहे. ३१ ऑगस्ट २०२५ च्या कुनार भूकंपात दोन हजारांहून अधिक माणसे गेली. जखमी स्त्रियांपर्यंत पोहोचायला स्त्री कर्मचाऱ्यांची सर्वाधिक गरज होती, त्याच सुमारास, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर, काबूलमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांच्या दारात तालिबानी सुरक्षारक्षक उभे राहिले आणि तुमच्याच अफगाण महिला कर्मचाऱ्यांना आत जाऊ दिले नाही. तुमच्या सनदेचे आठवे कलम संस्थेच्या कामात स्त्री-पुरुषांना समान संधी देते. तरीही या मज्जावानंतर महिनाभरात तुम्ही मुत्ताकींच्या प्रवासाला होकार दिला. ज्यांनी तुमच्या कर्मचाऱ्यांना तुमच्याच फाटकावरून परत पाठवले, त्यांच्याकडून निदान त्या स्त्रियांचा प्रवेश तरी आधी मागायला हवा होता.

मुलींच्या शिक्षणावरची बंदी धर्माला धरून आहे, हा मुद्दा तर निकालात निघालेला आहे. विद्यापीठबंदीवर अल-अजहर या इस्लामी विद्यासंस्थेचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी उघड टीका केली, आणि खुद्द तालिबानचे उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझाई जानेवारी २०२५ मध्ये मुलींच्या शिक्षणबंदीविरुद्ध जाहीरपणे बोलले. इतर कोणत्याही मुस्लिम देशात अशी बंदी नाही.

तुम्ही आणखी थांबलात तर हातातले हे साधनही बोथट होईल. ३ जुलै २०२५ रोजी रशियाने तालिबानला मान्यता दिली. पाचच दिवसांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हिबतुल्ला अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध स्त्रियांच्या छळाबद्दल अटक वॉरंट काढले. एक न्यायालय एवढे करू शकते, तर पंधरा देशांच्या समितीने साधी परवानगी रोखून धरणे अशक्य नाही.

म्हणून मागणी नेमकी आहे. पुढचा अर्ज येईल तेव्हा दोन अटी घाला : नर्सिंग आणि सुईणीचे अभ्यासक्रम मुलींना खुले करा, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिला कर्मचाऱ्यांना कामावर येऊ द्या. दोन्ही पाळल्याचे दिसेपर्यंत परवानगी देऊ नका. आणि कोणत्या सदस्याने विनाअट होकार देण्याचा आग्रह धरला, हे प्रत्येक वेळी देशाच्या नावानिशी जाहीर करा.

आपली,
एक भारतीय नागरिक