विश्लेषण : टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जात नाही, दोष नेहमी चालकाचाच का?

शनिवारी सकाळी पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेल्या गाड्यांची उर्से टोलनाक्यावर रांग लागते. खात्यात पैसे असूनही एखाद्या गाडीचा फास्टॅग वाचला जात नाही आणि मागून हॉर्न सुरू होतात. ‘एमएसआरडीसी’च्या नाक्यांवर १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, तो नसल्यास दुप्पट टोल द्यावा लागतो. त्यामुळे टॅग न वाचला जाणे ही आता केवळ तांत्रिक कटकट राहिलेली नाही. थेट खिशाचा प्रश्न आहे.

टॅगमध्ये नेमके काय असते?

एक चिप आणि तिला जोडलेला धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना. बॅटरी नसते. नाक्यावरील रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. रीडरची प्रारित शक्ती ४ वॉट धरली, तर मोकळ्या हवेत ५ मीटरवरील चांगल्या अँटेनालाही जेमतेम ०.२ मिलिवॉट मिळतात. अंतर दुप्पट झाले की ही शक्ती चौथ्या हिश्श्यावर येते.

गाडीच्या आकाराचा काय संबंध?

गाडीवर बसवलेला अँटेना एकटा राहत नाही. आजूबाजूच्या पत्र्यातही प्रवाह वाहू लागतात आणि तेही लहरी सोडतात. पत्रा वक्र असेल तर हिशेब अवघड होतो. अँटेनासमोरच्या ‘उजेडातील’ भागात लहर थेट पोहोचते. वळणापलीकडच्या ‘सावलीत’ ती पत्र्यालगत सरपटत जाते आणि झपाट्याने क्षीण होते. जुन्या किरणपद्धतीत या दोन भागांच्या सीमेवर उत्तर तुटत असे. ही सीमा जोडणारी सूत्रे मांडणाऱ्यांमध्ये मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे प्रा. प्रभाकर पाठक यांचे नाव ठळक आहे. बहिर्वक्र पृष्ठभागावरील अँटेनाच्या प्रारणाबाबतचा त्यांचा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. विमानावरील अँटेनांसाठी अशी गणिते वापरली जातात.

मग फास्टॅगला काचेचे वळण नडते का?

फारसे नाही. त्याच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. पुढच्या काचेचे वळण इतके सौम्य असते, की छोट्या टॅगसाठी ती जवळपास सपाटच. फरक पडतो तो काचेचा थर, टपाची धातूची कड आणि टॅग लावण्याची पद्धत यांमुळे. टॅग काचेला चिकटलेला आहे, हे धरूनच त्याच्या अँटेनाची जुळणी केलेली असते. तो हातात धरला, की बोटांमुळे ती जुळणी बिघडते. उष्णता अडवणारा धातूचा लेप असलेली काच लहरही बरीच अडवते. अशा काचेवर अनेकदा आरशामागे लेपाविना जागा सोडलेली असते. टॅग तिथेच लावायला हवा.

जबाबदारी कोणाची?

टॅग नीट चिकटवणे हे चालकाचे काम, यात शंका नाही. सैल टॅग काळ्या यादीत टाकण्याचे ‘एनएचएआय’चे जुलै २०२५ मधील धोरण त्यामुळे समजण्यासारखे आहे. पण काच कंपनी निवडते, रीडरचा कोन नाका ठरवतो आणि घाटातला पाऊस कोणाच्याच हातात नसतो. वैध टॅगमध्ये पुरेसे पैसे असतील आणि यंत्रणाच बंद असेल, तर राष्ट्रीय महामार्गावर गाडी मोफत सोडण्याची तरतूद २०१८ पासून आहे. यंत्रणा सुरू असूनही टॅग वाचला गेला नाही, तर दोष कोणाचा, हा प्रश्न मात्र उरतोच.

त्यासाठी साधी चाचणी पुरेशी आहे. आधी टॅग काचेला चिकटलेला आहे का, ते पाहावे. मग हातातील यंत्राने तो वाचावा. वाचला गेला, तर नेहमीचाच टोल घ्यावा आणि त्या मार्गिकेचा रीडर तपासावा. नाहीच वाचला गेला, तर टॅग बदलून देणे बँकेचे काम. दंडाची घाई नको. हा क्रम प्रत्येक नाक्यावर मराठीत फलकावर लिहावा आणि कोणत्या मार्गिकेत किती टॅग वाचले गेले नाहीत, याची नोंद दरमहा जाहीर करावी. दुप्पट टोल आकारण्यापूर्वी एवढी पडताळणी मागण्याचा हक्क चालकाला मिळायलाच हवा.