रक्त आणि अक्षर

आपल्या पुण्याचा शनिवारवाडा पाहिला कीं 'ध'चा 'मा' झाल्याची कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं त्या वाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला, हा इतिहास आहे. गारद्यांस दिलेल्या पत्रांतील 'धरावें' या शब्दाचें 'मारावें' केलें गेलें, ही आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एका अक्षरानें मनुष्याचा जीव जाऊं शकतो हें लोकांस पटलें, म्हणूनच तो वाक्प्रचार भाषेंत रुजला. रुग्णालयांत रक्त चढविण्याच्या कामीं तर तो अक्षरशः खरा ठरतो.

इ. स. १९०१ मध्यें व्हिएन्ना येथील शास्त्रज्ञ कार्ल लँडस्टायनर यांनीं मानवी रक्ताचे निरनिराळे गट असल्याचें दाखवून दिलें. त्याबद्दल १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ए, बी, एबी आणि ओ हे त्यांतील मुख्य गट आज शाळकरी मुलांसही ठाऊक आहेत. 'ए' गटाच्या रोग्यास 'बी' गटाचें रक्त दिलें, तर त्याच्या शरीरांतील प्रतिद्रव्यें त्या परक्या पेशींचा नाश करूं लागतात, मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि प्रसंगीं मृत्यूही ओढवतो. पण दोन्ही पिशव्यांतील रक्त दिसावयास सारखेंच तांबडें! डोळ्यांस न दिसणारा भेद सांगते ती पिशवीवरची चिठ्ठी. रक्त मुकें आहे. त्याच्या वतीनें कागद बोलतो. शनिवारवाड्याच्या कथेंत अक्षर हेतुपुरस्सर बदललें; येथें 'ए'चा 'बी' होतो तो बहुधा नजरचुकीनें. परंतु शरीर लिहिणाऱ्याचा हेतु विचारीत नाहीं.

मागणीपत्रावरील नांव आणि नमुन्याच्या नळीवरील नांव यांत फरक आढळला, तर रक्तपेढी तें पत्र परत पाठविते. मग आप्तजन संतापतात. "रोगी तेथें तळमळतो आहे, आणि तुम्ही येथें कागदी घोडे नाचवितां!" असें म्हणणाऱ्याचें दुःख खोटें नसतें. तरीही माझें स्पष्ट मत असें कीं, तें पत्र परत करणारा लेखनिक रोग्याचा वैरी नसून पाठीराखा आहे. नळींतील रक्त दुसऱ्याचेंच असेल, तर तपासणी जितकी अचूक तितकाच घात निश्चित. नवा नमुना घेण्यास लागणारा वेळ परवडतो. चुकीचें रक्त परवडत नाहीं. आणि अगदींच प्राणावर बेतलें, तर गट कळेपर्यंत 'ओ' गटाच्या तांबड्या पेशी देण्याची सोय वैद्यकशास्त्रानें ठेविलेली आहे. तेव्हां घाईची सबब पुढें करण्याचें कारण नाहीं.

आपल्या समाजांत हा धोका विशेष आहे. एकाच वॉर्डांत दोन सुनीता पवार असणें मुळींच नवल नव्हे. एखाद्या सुनेचें नांव माहेरीं एक, तर सासरीं दुसरें. आजोबांस सारें घर 'अण्णा' म्हणतें, त्यांचें कागदावरचें नांव नातवास आठवत नाहीं. वय तर अंदाजानेंच सांगितलें जातें. म्हणून नियम असा कीं, नमुना घेतांच रोग्याच्या उशाशींच नळीवर नांव व नोंदणी-क्रमांक लिहावा. मागाहून मेजाशीं बसून आठवून लिहूं नये. "आपण पवार ना?" असें न विचारतां "आपलें पूर्ण नांव काय?" असें विचारावें; कारण तापानें ग्लानि आलेला मनुष्य पहिल्या प्रश्नास सहज 'हो' म्हणतो. रक्त चढविण्यापूर्वीं दोघांनीं पिशवी, कागद व रोग्याची ओळख ताडून पाहावी.

कागद जपण्याचें महत्त्व मुंबईंतील एका शोधावरून अधिक पटेल. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत एका नव्या प्रकारच्या रक्ताची माहिती प्रसिद्ध केली. त्यास जगभर 'बॉम्बे गट' म्हणतात. वरवरच्या तपासणींत हें रक्त 'ओ'सारखें दिसतें. पण अशा माणसास 'ओ' गटाचें रक्तही चालत नाहीं, त्याच दुर्मिळ गटाचें लागतें. पूर्वीं कधीं हा गट ओळखला गेला असेल आणि तो कागद घरीं जपून ठेविला असेल, तर पुढील संकटांत तोच कागद प्राण वांचवूं शकतो.

विद्यार्थिमित्रहो, काना, मात्रा, वेलांटी आणि आंकडे यांविषयीं शिक्षक आग्रह धरतात, तेव्हां तो केवळ गुणांसाठीं नसतो. उद्यां तुमच्यांतील कोणी ससून रुग्णालयांत डॉक्टर किंवा परिचारिका होईल, कोणी रक्तपेढींत नोंदवही लिहील. शाळेच्या वहींत जडलेली संवय तेथें बरोबर जाईल. आणि पालकांस विनंती एवढीच कीं, घरांतील प्रत्येकाचें पूर्ण नांव सर्व कागदांवर एकसारखें असूं द्यावें, पूर्वीं रक्त चढविलें असल्यास त्याचे कागद सांभाळावे, आणि रक्तपेढीनें एखादें पत्र परत केलें, तर वाद घालण्याआधीं त्यावरील नांव पुन्हां एकदां वाचून पाहावें.