मेटल प्रिंटिंगच्या भागांतील छिद्रांबाबत निवेदन

प्रति,
मा. संचालक,
सामाईक सुविधा केंद्र

विषय : लेझर मेटल प्रिंटिंगमधील छिद्रदोष व प्रलंबित तक्रारी

महोदय,

औद्योगिक वसाहतीतील आम्ही लघुउद्योजक आपल्या केंद्रात टायटॅनियमचे भाग छापून घेतो. भागांत छिद्रे राहतात, ही तक्रार लेखी व तोंडी अनेकदा केली. दर वेळी ‘घनता 99.5 टक्के’ असा दाखला मिळतो आणि भाग ग्राहकाकडून परत येतो.

छिद्र कुठे आहे व कोणत्या आकाराचे, हे घनतेचा आकडा सांगत नाही. म्हणून परत आलेला भाग आम्ही स्वखर्चाने कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. थरांच्या मध्ये आडव्या, टोकदार पोकळ्या आहेत आणि त्यांत न वितळलेली पावडर आहे. म्हणजे तिथे ऊर्जा कमी पडली. लेझर किरण फिरवण्याचा वेग किंवा त्याच्या दोन रेघांतले अंतर जास्त असेल, नाहीतर लेन्ससमोरची काच काजळलेली असेल. वारंवार भार पडला की तडा अशाच टोकांतून सुरू होतो.

त्याच भागाच्या कडेलगत, किरण जिथे वळतो तिथे, गोल छिद्रांची रांग आहे. वळताना किरण मंदावतो, शक्ती तेवढीच राहिली तर ऊर्जा साचते आणि धातूच्या वाफेच्या दाबाने खोल खळगा पडतो. तो कोसळला की तळाशी वायू अडकतो. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2019 साली हे क्ष-किरणांनी प्रत्यक्ष टिपले. वळणावर शक्ती कमी करण्याचा उपायही दाखवला.

‘पावडर खराब असेल’ हे आपल्या विभागाचे उत्तर इथे लागू पडत नाही. पावडरच्या कणांत अडकलेल्या आर्गॉन वायूची छिद्रे बारीक, गोल व भागभर विखुरलेली असतात. ‘हिप करून घ्या’ (म्हणजे उष्णता व चौफेर वायुदाबाने छिद्रे मिटवून घ्या) हा सल्लाही अपुरा आहे. पृष्ठभागावर उघडणारी छिद्रे त्या दाबाने मिटत नाहीत आणि खर्च आमच्याच माथी येतो.

दिवाळीनंतर सीटी स्कॅनची सोय होणार होती. वार्षिक सभेत काच व पावडरच्या देखभालीची नोंदवही खुली करण्याचा शब्द आपण दिला होता. दोन्ही झाले नाही.

मागण्या :
1. प्रत्येक भागासोबत शक्ती, वेग, रेघांतर व थराची जाडी यांची नोंद द्यावी.
2. वळणावरील शक्तीची मांडणी आमच्यासमोर तपासावी.
3. भागासोबत छापलेला नमुना कापून त्याची छायाचित्रे द्यावीत. सीटी स्कॅनची तारीख लेखी कळवावी.
4. काच साफ केल्याची व पावडर चाळल्या-सुकवल्याची नोंदवही खुली करावी.
5. नाकारलेल्या भागांचे शुल्क परत करावे.
6. विभागाचा बंद असलेला दूरध्वनी सुरू करावा.

15 दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. तोंडी आश्वासनावर यापुढे नवे काम देणार नाही.

आपले,
सभासद लघुउद्योजक
(सह्यांची यादी सोबत)