शॉक सेकंदांत, उशीर रस्त्यात

हृदयाचे ठोके थांबून ते नुसतेच थरथरू लागले, तर डिफिब्रिलेटरचा शॉक द्यावा लागतो. त्याची ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते. साध्या सर्किटमध्ये कपॅसिटर आधी भराभर, मग हळूहळू भरतो: रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराइतक्या वेळात ६३ टक्के व्होल्टेज, पाचपट वेळात जवळपास पूर्ण. डिफिब्रिलेटरचे खास सर्किट २०० ज्यूल काही सेकंदांतच भरते.

उशीर होतो तो रस्त्यात. छातीवर दाब न दिल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून बदलापूर-अंबरनाथच्या रुग्णालयांपुरते न थांबता जांभूळसारख्या गावातही हे यंत्र हवे. कोणी कोसळून श्वास थांबला, तर १०८ला फोन करा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबा. यंत्र सांगेपर्यंत थांबू नका.