जाहीर आवाहन : आधी आकडा जुळवा, मग सुई टोचा



आमच्या घरी एका मधुमेही बोक्याला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन दिलं जातं. सुरुवातीच्या दिवसांत एकदा सिरिंजवरचा आकडा न पाहताच मी औषध भरलं. काही तासांत तो झोकांड्या खाऊ लागला, अंग थरथरायला लागलं. हिरड्यांना मध चोळून दवाखाना गाठला, म्हणून तो वाचला. माझ्या हातून झालेली ही चूक तुमच्या घरी होऊ नये, एवढ्यासाठी हे आवाहन.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः 40 आणि 100 अशा दोन ताकदींत मिळतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटं. सिरिंजही दोन : 40 ची सहसा लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. मांजरांना अनेकदा दिलं जाणारं ग्लार्जिन इन्सुलिन सहसा 100 चं असतं. ते 40 च्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात अडीच युनिटं जातात. मांजराचा डोस बहुधा एक युनिट किंवा त्याहूनही कमी मात्रेने सुरू होतो. चार किलोच्या जिवाला ही चूक झेपत नाही. टोपणाच्या रंगावर विसंबू नका. कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचा.

डोस देण्याआधी साखर मोजा. कानाच्या कडेला टोचून मिळालेला एक थेंब ग्लुकोमीटरला पुरतो. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर एरवीपेक्षा खूप वाढते, म्हणून घरचे आकडे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतात. माणसांचं मीटर मांजराची साखर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणून मीटर एकच ठेवा आणि ते कोणतं, हे डॉक्टरांना सांगा. तारीख, वेळ, साखर, डोस आणि खाणं वहीत लिहा.

एका वाढलेल्या आकड्यावरून डोस स्वतःहून वाढवू नका. लवकर उपचार आणि कमी कर्बोदकांचा आहार मिळाला, तर काही मांजरांची इन्सुलिनची गरज घटते, कधी पूर्ण संपतेही. कालचा बरोबर डोस आज जास्त ठरू शकतो. मांजर जेवलं नसेल, उलट्या करत असेल किंवा साखरेचा आकडा 200 च्या खाली असेल, तर आधी डॉक्टरांना फोन करा. सुई नीट टोचली गेली की नाही, अशी शंका आली तरी दुसरा डोस देऊ नका.

अशक्तपणा, थरथर, झोकांड्या ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. मांजर गिळू शकत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, दातांमध्ये बोट घालू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच.

मेडिकलवाल्या बंधू-भगिनींना विनंती : सिरिंज देताना एकच प्रश्न विचारा, ‘इन्सुलिन 40 चं की 100 चं?’ आणि पालकांनो, तुम्ही वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत बंद करून दवाखान्यात परत द्या. कचरा उचलणाऱ्यांचे हातही आपल्याच जबाबदारीचे आहेत.

आज घरी गेल्यावर फ्रिज उघडा, कुपी बाहेर काढा, सिरिंज तिच्याशेजारी धरा आणि दोन्ही आकडे घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवा.

आपला स्नेही,
एका मधुमेही बोक्याचा पालक