टाकीला भोक आतून पडते

पावसाळा सरला की दुचाकीच्या गॅरेजमध्ये एक ठराविक तक्रार येऊ लागते. गाडी चढावर दम टाकते. कार्बोरेटर साफ केला की चार दिवस नीट चालते आणि पुन्हा तेच रडगाणे. तिसऱ्या खेपेस मालकाच्या ध्यानात येते की टाकीच्या पोटाखाली, शिवणीजवळ, पेट्रोलची ओल आहे. मग बाहेरून इलाज सुरू होतात. कोणी साबण घासतो, कोणी इपॉक्सीची लांबी मळून थापतो, तर कोणी सरळ वेल्डिंगवाल्याकडे टाकी नेऊन टेकवतो. यांपैकी साबण तेवढा प्रामाणिक म्हणायचा. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, घर गाठेपर्यंत गळती थोपवतो, आणि हा इलाज तात्पुरता आहे हे लावणाऱ्यालाही ठाऊक असते. नुसत्या लांबीवर भागवणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, आणि न धुतलेल्या टाकीला आग लावणे तर जिवावर बेतू शकते.

आमचे मत असे आहे की गंजलेली टाकी घरी दुरुस्त करता येते व करावी. पण ती पाणी, आम्ल आणि सबुरी यांच्या बळावर करावी. ज्योतीचे काम घरात मुळीच करू नये.

गळतीचे मूळ बाहेर नसतेच. टाकी अर्धी रिकामी राहिली की उरलेल्या जागेत दमट हवा असते. रात्री पत्रा गार पडला की त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. झाकणाचे रबर कडक झाले असेल तर पावसाचे पाणीही आत उतरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी जाऊन बसते आणि तेथून हलत नाही. कारण कॉकची नळी तळापासून थोडी वर उभी असते आणि रिझर्व्हचे तोंडही अगदी तळाला टेकलेले नसते. म्हणजे गाडी रिझर्व्हवर चालवून कोरडी केली तरी खालचे चमचाभर पाणी तसेच राहते. पत्रा नेमका तेथेच कुजतो. आपण बाहेरून भोक पाहतो तेव्हा आतला पत्रा आजूबाजूलाही कागदासारखा पातळ झालेला असतो. एक भोक बुजवले की बोटभर अंतरावर दुसरे पडते, ते यामुळेच.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. देशात सरासरी २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉल पाणी ओढून घेते. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहते आणि जळूनही जाते; मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात. रोज फिरणाऱ्या गाडीने याची फार धास्ती बाळगू नये. धोका उभ्या गाडीला आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात नोकरीला गेलेल्यांच्या कितीतरी गाड्या पडवीत दोन-दोन वर्षे झाकून ठेवलेल्या असतात, आणि त्याही खाऱ्या हवेत. अशांनी निघण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करावी, आत थोडे इंजिन ऑईल घालून टाकी सर्व बाजूंनी फिरवावी आणि झाकण घट्ट लावावे. परतल्यावर थोड्या पेट्रोलने ती खळबळून घेतली की झाले. एवढे सांगितले तर घरातला धाकटा भाऊही करील.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. टाकी उतरवून उघड्या जागेत रिकामी करावी. जवळ शेगडी, उदबत्ती, विडी काहीही नको. आतला गंज बघायला काडी पेटवणारे महाभाग आहेत, म्हणून हे लिहावे लागते. कॉक आणि मीटरचा फ्लोट काढून ती तोंडे रबरी बुचाने बंद करावीत. गळके भोक बाहेरून लांबीने तात्पुरते बुजवावे. साबणाच्या गरम पाण्याने वास जाईपर्यंत टाकी धुवावी. मग मूठभर नट आत टाकून टाकी खळखळ हलवावी. सुटा गंज निघतो. नट मोजून टाकावेत आणि मोजूनच काढावेत.

चिकटलेल्या गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबाचे फूल, उत्तम. एक लीटर कोमट पाण्याला ५० ते १०० ग्रॅम या हिशोबाने टाकी काठोकाठ भरून एक रात्र ठेवावी. हातमोजे व चष्मा घालावा आणि बाहेरच्या रंगावर पाणी सांडू देऊ नये. संडास धुण्याचे तेजाब वापरणारे पुष्कळ आहेत. ते गंज झटपट काढते हे खरे, पण चांगला पत्राही खाते, आणि पत्रा आधीच पातळ असतो. रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि टाकी लगेच सुकवावी. ‘लगेच’ या शब्दावर आमचा जोर आहे, कारण उघडा पडलेला पत्रा काही तासांत पुन्हा तांबूस होतो.

यानंतर पत्र्याची परीक्षा. गळक्या जागेभोवती पेचकसाच्या टोकाने दाबून पाहावे. एखाद-दुसरे बारीक भोक असेल तर आतून ओतायचे टाकी-सीलर चालते. ते पूर्ण कोरड्या, तेल नसलेल्या पत्र्यावरच धरते. ओलाव्यावर ओतले तर पुढे पापुद्रे सुटून कार्बोरेटरात जातात. डबीवर लिहिलेले दिवस पुरे होईपर्यंत पेट्रोल भरू नये. पेचकस तीन-चार ठिकाणी आत गेला तर मात्र ती टाकी संपली, तिच्यावर आणखी पैसे घालू नयेत. एप्रिल २०२० नंतर आलेल्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शनचा पंप टाकीच्या आत असतो. त्यांच्या मालकांनी हा घरगुती प्रयोग करू नये.

आता आगीविषयी. पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, कारण जळते ती हवेत मिसळलेली वाफ, आणि हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के वाफ असली की भडका उडतो. एवढी वाफ व्हायला थोडेसे पेट्रोल पुरते. ते गंजाच्या थरात व शिवणीत दडून बसते आणि पत्रा तापला की बाहेर येते. म्हणून टाकी दोन दिवस उन्हात सुकवली हे उत्तर चालत नाही. जाणता कारागीर अनेकदा धुतो, मग टाकीत पाणी भरून झाळायची जागा तेवढी पाण्याच्या वर राहील अशी ती धरतो. जो हे करीत नाही, त्याच्याकडे टाकी देऊ नये. टाकी धरून उभा असतो तो बहुधा नवा पोरगा, आणि तोंड त्याचे भाजते. घाई गिऱ्हाइकाची असते, धोका मात्र त्या पोराच्या वाट्याला येतो. हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

गॅरेजवाले म्हणतात, या कामात वेळ फार जातो, त्यापेक्षा नवी टाकी बसवा. हिशोब नीट मांडून पाहावा. टाकी दोन दिवस अडकते, पण हात दोन-तीन तासच अडकतात. एका वेळी चार-पाच टाक्या भिजत ठेवता येतात, आणि आम्लाचे पाणी जोर असेपर्यंत पुन्हा वापरता येते. यामाहा आरएक्स १०० किंवा येझदीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, पण त्या गाड्या जपणारे लोक आजही आहेत, आणि आपल्या गाडीच्या मूळ टाकीसाठी ते चांगली मजुरी देतात. कुर्ल्याच्या बाजारातून जुनी टाकी आणली तरी ती बहुधा बाहेरून रंगवलेली असते. आत काय आहे हे तिचे तोंड उघडल्यावरच कळते. जो ही सेवा नीट देईल आणि टाकी संपली असेल तर तसे तोंडावर सांगेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक तालुक्याबाहेरूनही येईल.

दुरुस्त टाकी गाडीवर चढवण्यापूर्वी घराबाहेर सावलीत लाकडी फळ्यांवर ठेवावी, शिवणीवर खडूची पूड चोळावी आणि आत अर्धा लीटर पेट्रोल घालावे. तासाभराने पाहावे, संध्याकाळी पुन्हा पाहावे. पूड कोरडी असेल तरच कॉकची नळी जोडावी.