तंबाखूच्या तीन वह्या

धान्याच्या अडतीवर चाळीस वर्षे बसलेल्या माणसाने तंबाखूच्या सरकारी धोरणाविषयी लिहावे, हे कित्येक सभासद बंधूंस अप्रस्तुत वाटेल. निपाणी भागात ज्यांच्या वडिलार्जित वखारी तंबाखूच्या आहेत त्यांस ते रुचणारही नाही. तथापि वही लिहिणे हा आपणा सर्वांचा समान व्यवसाय आहे, आणि आमचे म्हणणे वहीविषयीच आहे.

सरकारने तंबाखूच्या तीन वह्या ठेवल्या आहेत. अर्थखाते कर जमेस धरते. आरोग्यखाते रोगाचा खर्च नावे टाकते. वाणिज्यखात्याखालील टोबॅको बोर्ड, १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेले, व्हर्जिनिया तंबाखूचे लिलाव व निर्यात पाहते; निपाणीच्या विडी-तंबाखूस ती सोय लाभली नाही. या तिन्ही वह्यांचा मेळ घालून एक ताळेबंद मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आरोग्यखात्याच्या अहवालाने २०११ सालचे नुकसान १,०४,५०० कोटी रुपये धरले. पुढे संशोधकांनी २०१७-१८ सालासाठी तेच १,७७,३४१ कोटी काढले. तंबाखूवरील उत्पादनशुल्काची वसुली या रकमेच्या १२ टक्क्यांच्या आसपास भरते. तंबाखूच्या व्यापारातील आमचे स्नेही यावर म्हणतात, की यांतला प्रत्यक्ष खर्च २२ टक्केच. उरलेला सारा बुडालेल्या श्रमाचा कागदी अंदाज, कर मात्र रोख! युक्तिवाद चतुर आहे खरा. परंतु उधारी रोख नाही म्हणून ती वहीतून कोणी वगळतो काय?

आमच्या गुदामातील एक हमाल, नित्य तंबाखू मळणारा, तोंडाच्या कर्करोगाने पन्नाशीच्या आत गेला. आजारपणातील धान्याची उधारी त्याच्या पत्नीने पुढे तीन वर्षे विड्या वळून फेडली. ते पैसे आम्ही घेतले, हे लिहिताना संकोच वाटतो. सरकारच्या हिशेबात त्या बाईची मजुरी म्हणजे तंबाखूने दिलेला रोजगार. तंबाखूनेच घरातील कर्ता नेला, ही नोंद दुसऱ्या खात्याच्या वहीत. आणि दोन्ही नोंदी एकाच घराच्या आहेत हे कोणास दिसत नाही.

विडीच्या कराचेही असेच. २०१६-१७ च्या पाहणीत शंभर प्रौढांत सिगारेट ओढणारे ४, तर विडी ओढणारे ७.७ आढळले. असे असता जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये सिगारेटीचा दर ४० टक्के आणि विडीचा २८ वरून १८ टक्के ठरविला. कैवार विडीकामगारांचा सांगितला जातो. मग त्यांच्या दवाखान्यांसाठी व मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी १९७६ च्या कायद्याने जमणारा कल्याण-उपकर २०१७ मध्ये का बंद झाला? कर उतरल्याने हजार विड्यांची मजुरी किती वाढेल, याचा आकडा आम्हांस कोठे आढळला नाही.

शेतकऱ्यास दुसरे पीक घेण्याचा उपदेश होतो. याबाबतीत आम्हांस बोलण्याचा थोडा अधिकार आहे. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली निपाणीस आंदोलन झाले, एप्रिलात गोळीबार होऊन शेतकरी मेले. आम्ही तेव्हा विशीत होतो. ज्या पिकाच्या भावासाठी माणसे मेली, ते सोड म्हणताना पुढच्या पिकाचा भाव तरी सांगावा! २०२४ च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलास ४,८९२ रुपये जाहीर झाली होती. बाजारात माल त्याखाली विकला गेला. आम्हीही तो त्याखालीच घेतला.

तंबाखू हे व्यसन आहे आणि त्यावरील कर चढा असावा, विडीवरही असावा, असे आमचे मत आहे. मात्र वाढीव कराचा ठरावीक हिस्सा विडी वळणाऱ्या बायांसाठी आणि तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या धान्यखरेदीसाठी त्याच कायद्यात लिहून ठेवावा. अशा निवेदनाचा मसुदा आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. तंबाखूच्या वखारी असलेल्या सभासदांपैकी दोघांनी त्यावर सही केली. इतरांकडे तो या महिन्यात पाठविण्यात येईल.